भातुकलीतला बंब

"नाकावर ओढणी धर गं," अत्तम्मा म्हणाली. "अठरा वर्षांची धूळ आता तापणार बघ."

आणि तिनं बटण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग आतून ‘पिक्’ असा बारीक आवाज आला, गोधडीवर इस्त्री फिरवल्यासारखा वास सुटला आणि तो भला मोठा, पाठीला कुबड आलेला पडदा हळूहळू उजळत गेला. कोपऱ्यात इंग्रजीतली एक ओळ उमटली. ओळीच्या शेवटी एक ठिपका. थोड्या वेळानं दुसरा. मग तिसरा.

"काय म्हणायलाय तो?" शांभवीताईनं विचारलं.

"स्वतःचा नंबर सांगायलाय," अत्तम्मा म्हणाली. "म्हणायलाय, या नंबरचा मी. माझं नाव काय, कुणीतरी सांगा."

"मग?"

"मग कुणी सांगितलं, तर पुढं."

कुणी सांगितलं नाही. ठिपके पडत राहिले. मी चौदापर्यंत मोजले. पंधराव्याला सगळी ओळ पुसली गेली आणि पुन्हा पहिल्यापासून तीच ओळ, तोच नंबर, एक ठिपका.

कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीवर काठी टेकून बसलेले मल्लिनाथशेठ म्हणाले, "आमच्या घरातल्यासारखंच हाय की हे. एकानं ओरडायचं, आणि ऐकायला कुणी नाही."

मला हसू आलं. पण आलेलं हसू मी गिळलं, कारण तेव्हा मी मोठ्यानं हसतच नव्हते. मी सातवीत होते तेव्हा. आज आमच्या शाळेत परिपाठाचं सूत्रसंचालन मी करते, आणि बिराजदार सर माइकची काही गरज नाही म्हणून तो बंद करून टाकतात, म्हणून नव्या पोरांना हे खरं वाटत नाही. पण सातवीत माझा हजेरी नंबर तेवीस होता. सर "तेवीस" म्हणायचे, मी "हजर" म्हणायचे आणि सर चोवीसकडं वळून विचारायचे, "तेवीस आज पण आली नाही का?" जूनपासून दिवाळीपर्यंत माझ्या नावापुढं अकरा गैरहजेऱ्या लागल्या होत्या. मी तर तापातसुद्धा शाळेत गेलेली! पण उठून "सर, मी आलेय" म्हणायचं कोण?

अत्तम्मा म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण, अंबिका. आमच्या घरी तेलुगू बोलतात, सोलापूरच्या पूर्व भागात बहुतेक घरांत बोलतात, म्हणून आत्याची अत्तम्मा. ती आमच्याकडंच राहते. मी पाहिलं तेव्हापासून तिच्या मांडीवर सूप, सुपात बिडीची पानं, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला वाटावं, ती पानांशी बोलतेय. पण त्याच्याही आधी, मी जन्मायच्या आधी, ती चादरीच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर नक्षी काढायची. त्या वेळी अक्कलकोट रोडवरच्या कुठल्याच कारखान्यात बाई असं काम करत नव्हती, असं बाबा सांगायचे. मी ते ‘एक होता राजा’ ऐकावं तसं ऐकायचे. खरं कुणाला वाटतंय!

आणि दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस शांभवीताई स्कूटरवरून आमच्या दारात उतरली. मल्लिनाथशेठांची मुलगी. तिच्या हातात अर्धी चादर होती.

"मावशी, ओळखलीत का?" तिनं चादर झटकून पसरली.

अत्तम्मानं सूप खाली ठेवलं. चादरीवर मोराचा पिसारा होता, पोट होतं, पाय होते. मान आणि डोकं नव्हतं. तिथं मोठं तपकिरी भोक होतं.

"इस्त्रीच्या टेबलावर अंथरली होती कुणीतरी," शांभवीताई म्हणाली. "एवढाच तुकडा शिल्लक आहे. एका हॉटेलवाल्यांना हीच नक्षी हवीय. त्यांच्या आजोबांच्या काळातली चादर होती म्हणे त्यांच्याकडं. सगळ्या खोल्यांना हाच मोर पाहिजे. दुसरा चालणार नाही. सोमवारी सकाळपर्यंत नक्षी पाठवली तर काम आपलं."

"मागाला लावायची पंचाची कार्डं असतील की."

"वाळवीनं खाल्ली. मोर आता फक्त त्या कॉम्प्युटरात आहे. पुण्याहून एक माणूस आणला होता, त्यानं कपाटातला मोठा डबा चालू करून दिला. पण पडदे काही बोलेनात. ‘एवढं जुनं मी पाहिलंच नाही’ म्हणून गेला तो." मग ती पायरीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, हे काम नाही मिळालं तर काका शेड विकायला बसलेत. आणि मिळालं तर मला नक्षीकाम करणारं माणूस लागेल. रोज. ती खुर्ची तुमचीच आहे."

अत्तम्मानं चादरीच्या भोकातून हात आरपार घातला आणि बोटं हलवून पाहिली. जणू मोराची मानच.

"याच्या चोचीत काय होतं, ठाऊक आहे?" तिनं विचारलं.

"बाबा म्हणतात, नाग."

"नाग!" अत्तम्मा म्हणाली. "शेठांना नक्षीतलं काय कळतंय!"

त्या दिवसापासून आमच्या घरात उलथापालथ सुरू झाली. अत्तम्मा डबे उपडे करू लागली. बटणांचा डबा, मसाल्याचा रिकामा डबा, शिवणाची पेटी, देवघरामागची पिशवी. आई नणंदेला म्हणाली, "वदिना, काय शोधायलात?" तर म्हणाली, "काही नाही." ‘काही नाही’ ती दोन दिवस शोधत होती. पलंगाखाली टॉर्च मारून सुद्धा. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय मी तेव्हा बोलत नव्हते.

तर असा तो शनिवार. मी तिच्याबरोबर का गेले, तर तिला धुळीत वाकायला गुडघे साथ देईनात, आणि मी बारीक होते, कुठंही घुसायचे.

ती खोली कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली माग झाकून ठेवलेले, आणि वर एका भिंतीला तीन पडदे रांगेनं मांडलेले. कोपऱ्यात लोखंडी कपाट. कपाटात घरघरणारा मोठा डबा, हिरवा दिवा लागलेला.

"या तिघांना डोकं नाही बघ," अत्तम्मानं मला सांगितलं होतं. "तोंड आणि डोळे तेवढे यांचे. डोकं त्या कपाटात. रोज सकाळी चालू झाले, की यांना आपण कोण तेही आठवत नसतं. मग हे ओरडतात, आणि कपाटातला नाव सांगतो, तू अमुक, हे घे, हे तुझं काम. एकदा का नाव मिळालं, की चित्र काढायला लागतात."

"आणि नाही सांगितलं तर?" मी विचारलं. अत्तम्माशी मी बोलायचे, तेही तिच्या कानाशी.

"तर परत ओरडतात."

"किती वेळा?"

"बंद करेपर्यंत. लाजत नाहीत की दमत नाहीत."

तीनही पडदे सुरू करून झाले. तिघेही ठिपके टाकत बसले. कपाटातला घरघरत होता, पण नाव कुणाचं घेत नव्हता. अत्तम्मा कधी या पडद्यामागं हात घालायची, कधी त्या. घाम आला होता तिला. शांभवीताई फोनवर कुणालातरी "हो काका, सोमवारपर्यंत थांबा म्हटलं ना" सांगत होती. शेठ डोळे मिटून बसले होते, पण झोपले नव्हते, कारण काठी हलत होती.

"कीर्तना," अत्तम्मा म्हणाली, "जरा वायर बघ गं. कपाटापासून इथपर्यंत. कुठं तुटली, उंदरानं खाल्ली, काय ते."

मला असली कामं लई आवडतात! मी गुडघ्यांवर बसले. एकच काळी वायर होती, चादरीच्या काठासारखी भिंतीच्या कडेनं गेलेली. तीनही पडदे तिच्यावर माळेसारखे ओवलेले. वाटेतल्या प्रत्येक पडद्यामागं एक इंग्रजी टी अक्षर, धातूचं. एका हातानं वायर आत, दुसऱ्या हातानं बाहेर. मी रांगत रांगत कपाटापर्यंत गेले. कपाटामागंही तसाच टी. त्याच्या एका हाताला वायर होती. दुसऱ्या हाताला वायर नव्हती. त्याच्यावर एक टोपी घातलेली होती. रुपेरी, अंगठ्याच्या पेराएवढी.

मी टोपी फिरवली. ती अर्धा वेढा घेऊन अलगद हातात आली. उपडी केली. आत पोकळ, आणि बरोब्बर मधोमध उभी एक सुई.

बंब!

अहो, हा माझा बंब! माझ्या भातुकलीतला! आंघोळीच्या पाण्याचा बंब असतो ना, मधोमध नळी असलेला, अगदी तस्सा. बाहुलीच्या लग्नात वऱ्हाडाला पाणी तापवायला मी हाच तर ठेवायचे. फक्त माझ्या बंबावर लाल ठिपके होते.

मी टोपी परत बसवली आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला रांगत गेले, म्हणजे तिसऱ्या पडद्यामागं, जिथं अत्तम्मा बसली होती. तिथल्या टीच्या एका हाताला वायर. दुसरा हात उघडा. बोडका.

मी तिच्या मांडीशी उभी राहिले आणि कानात म्हणाले, "अत्तम्मा, इथला बंब आपल्या घरी आहे."

तिची बोटं थांबली. ती माझ्याकडं बघेना. पडद्याकडंच बघत ओठ न हलवता तिनं तेलुगूत विचारलं, "एक्कड?"

कुठं?

"माळ्यावर. भातुकलीच्या पिशवीत."

"तुझ्याकडं कसा?"

"बटणांच्या डब्यातून घेतला होता. लहानपणी. न विचारता."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, आता बसणार एक पाठीत. पण ती एवढंच म्हणाली, "सायकल घे. जा."

मी जिन्यावरून उड्या मारत उतरले. आमचं घर तिथून दहा मिनिटांवर, मी सहा मिनिटांत गेले. माळ्यावर चढले, पिशवी उपडी केली. चूल, पोळपाट, कपबश्या, एक पाय नसलेला पाट, आणि तळाला बंब. लाल ठिपक्यांसकट.

परत येताना मात्र पायडल जड झालं. कारण तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी डब्यातून घेतला, हे ठीक. पण अत्तम्माच्या डब्यात कारखान्याचा बंब आला कुठून? ती दोन दिवस ‘काही नाही’ शोधत होती, ते हेच. म्हणजे तिला सुरुवातीपासून माहीत होतं, पडदे का बोलत नाहीत ते. आणि तिनं शेठांना सांगितलं नव्हतं.

माझी अत्तम्मा चोर!

नाही, असं कसं होऊ द्यायचं? मी ठरवलं, आपण सांगायचं, बंब तिथंच सापडला. कपाटाखाली. आता हे कुणीतरी मोठ्यानं सांगायला लागणार, आणि अत्तम्माला खोटं बोलता येत नाही, ती कानापर्यंत लाल होते. राहिलं कोण? मी. अक्कलकोट रोडवर सायकल मारत मी मोठ्यानं पाठ करत होते, "कपाटाखाली सापडला! कपाटाखाली सापडला!" एका रिक्षावाल्यानं विचारलं, "काय हरवलंय गं पोरी?" मी त्यालाही सांगितलं, "कपाटाखाली सापडला!"

खोलीत शिरले तर दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मी मूठ उघडली, मोठा श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत बोंबलले, "कपाटाखाली सापडला!"

शांभवीताई दचकली. तिचा फोन पडता पडता राहिला.

शेठांनी डोळे उघडले. "काय सापडला?"

"हा. ही. टोपी. त्या टोकाची. कपाटाखाली होती."

"इकडं आण बघू."

त्यांनी बंब चिमटीत धरला, चष्मा कपाळावर चढवला, उजेडाकडं धरून फिरवला. "कपाटाखाली?"

"हो."

"अठरा वर्षं?"

"हो."

"मग धूळ कशी नाही गं हिच्यावर?"

"मी पुसली."

"आणि कपाट इथं असताना तू जिना उतरून गेलीस कुठं?"

हे मी पाठ केलं नव्हतं.

शेठांनी बंब आणखी जवळ धरला. "आणि हे लाल काय? नेलपॉलिश हाय का?"

"कुंकू," मी म्हणाले. सगळा आवाज संपला होता. "बंबाची पूजा केली होती. बाहुलीच्या लग्नात."

कपाटातला डबा घरघरत होता. तीन पडदे आपले ठिपके टाकत होते, मी कोण, मी कोण, मी कोण.

मग अत्तम्मा खुर्चीवरून उठली. पदर सारखा केला. आणि कानापर्यंत लाल होऊन, पण सरळ शेठांकडं बघून म्हणाली, "शेठ, पोरीला सोडा. ती टोपी मी नेली होती."

"तू?"

"मी. शेवटच्या दिवशी. मुद्दाम."

शेठांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला.

"तुम्ही पुण्याहून भाच्याला आणलंत. कोर्स केलेला. मला म्हणालात, उद्यापासून हा बसेल खुर्चीवर. चार दिवस याला शिकव, आणि मग खाली जा चादरीच्या काठाच्या दशा वळायला, बायकांच्यात. नऊ वर्षं मी नक्षी काढली होती इथं. मी हो म्हणाले. हो म्हणाले आणि या टोकाची टोपी काढून कमरेला खोचली आणि घरी गेले." तिनं तिसऱ्या पडद्याकडं बोट केलं. "टोक उघडं राहिलं, की वायरीतला आवाज तिथं आपटून माघारी येतो. स्वतःचाच आवाज घुमत राहतो, दुसऱ्याचं कुणाला ऐकूच येत नाही. एवढीशी टोपी, पण तिघे मुके झाले. मला वाटलं, चार दिवसांनी बोलावतील. मग म्हटलं, आठ दिवसांनी. कुणी बोलावलं नाही. आणि मग माझ्यानं यायचं झालं नाही. तुमचा कारखाना माझ्यामुळं…"

"हात् तिच्या!" शेठांनी काठी आपटली. मी टुणकन उडाले. "माझा कारखाना तुझ्या टोपीनं बसला? बरंच मोठं समजतीस की स्वतःला! कारखाना बसला सुताच्या भावानं, आणि माझ्या भावांनी."

"बाबा," शांभवीताई म्हणाली.

"थांब गं. ऐक अंबिका. भाचा महिनाभर खटपटला. मग एक जण आला, म्हणाला, यंत्रं मेली, नवी घ्या. त्याला विकायचीच होती. मग मी ही विकायला काढली. तर मेलेली म्हणून कुणी हात लावेना. भंगारवाला सुद्धा म्हणाला, शेठ, काच नको. म्हणून या खोलीला कुलूप घातलं." त्यांनी बंब तळहातावर ठेवला आणि बघत राहिले. "ही टोपी असती ना, तर चालती यंत्रं म्हणून त्याच वर्षी विकली असती मी. मोरासकट."

अत्तम्मानं मागं वळून तिन्ही पडदे एकदा पाहिले.

"भाच्याचं मी चुकलो," शेठ भिंतीकडं बघत म्हणाले. म्हाताऱ्या माणसांना असं बोलताना समोर बघता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. "मी खुर्ची काढली, तू टोपी काढलीस. फिट्टंफाट. आता लाव ती."

"आणि शेठ," मी म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं! पण सगळे खरं सांगत होते, तर मी एकटी का मागं राहू? "तिच्याकडून मी चोरली. बटणांच्या डब्यातून. ती दोन दिवस शोधत होती."

शांभवीताईला हसू आवरेना. "अरे, या खोलीत प्रामाणिक कुणी आहे का नाही?"

"तो हाय की," शेठ पडद्याकडं काठी करून म्हणाले. "पहिल्यापासून एकच खरं बोलायलाय, मला माझं नाव ठाऊक नाही."

मी तिसऱ्या पडद्यामागं घुसले. अत्तम्मा म्हणाली, "दाबून अर्धा वेढा." मी दाबून अर्धा वेढा दिला. खट्. लाल ठिपक्यांचा बंब बोडक्या हातावर बसला. मी रांगत बाहेर आले तर तिघंही श्वास रोखून पडद्याकडं बघत होते.

ओळ. नंबर. एक ठिपका.

दुसरा.

तिसरा.

मी शांभवीताईचा हात कधी धरला, मला माहीत नाही. तिचा हात गार पडला होता.

चौथा ठिपका आला नाही.

कपाटातल्या डब्यानं खर्रकन् आवाज केला, म्हातारा माणूस खाकरतो तसा. पडद्यावरच्या ओळी भराभरा वर सरकायला लागल्या, मला एकही वाचता आली नाही, आणि मग सगळा पडदा एकदम काळा झाला.

"गेला!" शांभवीताई ओरडली.

"गप," अत्तम्मा म्हणाली.

आणि पडदा करडा झाला. वरपासून खालपर्यंत, काठापासून काठापर्यंत करडा. मध्यभागी एक छोटी काळी फुली. बस्स. ना मोर, ना काही.

"हे काय?" मी म्हणाले. रडूच येत होतं मला.

"जवळ जाऊन बघ."

मी नाक काचेला टेकेपर्यंत जवळ गेले. तो करडा रंग नव्हताच. काळा ठिपका, पांढरा ठिपका, काळा, पांढरा. एक वर, एक खाली. ताणा आणि बाणा. पडद्यावर कापड विणलेलं होतं!

"पहिल्या दिवशी हेच दिसलं होतं मला," अत्तम्मा म्हणाली. "एक इंग्रजी अक्षर येत नव्हतं. आणि हा पडदा उघडला तर आत काय, कोरी चादर. म्हटलं, हे तर आपल्याच घरातलं आहे. याला काय भ्यायचं."

मग पडद्यावर एक चौकट आली आणि तिनं नाव विचारलं. आता अत्तम्माचं. अत्तम्मा खुर्चीवर बसली. तिची बिडी वळणारी बोटं, तंबाखूनं पिवळी पडलेली, कीबोर्डवर एकदाच घुटमळली आणि मग अशी चालली, अशी चालली, की मला तीच जुनी पानं आठवली. गुप्त शब्द टाकताना तिनं मला मान वळवायला लावली. काय शब्द होता, तो तिनं मला आजतागायत सांगितलेला नाही. मी दर वाढदिवसाला विचारते.

आणि मोर आला. एकदम नाही. खालून, एकेक ओळ, मागावर विणत जावा तसा. आधी पाय. मग पोट. पिसारा पसरत गेला. मग मान, जी आम्ही कुणी पाहिलीच नव्हती, लांब आणि थोडी ऐटीत कललेली. मग डोकं. मग चोच.

"नागच हाय," शेठ पुढं वाकले.

"धागा," अत्तम्मा म्हणाली. "नीट बघा. धागा."

चोचीतून निघालेला एक धागा वळणं घेत चादरीच्या काठाला गेला होता आणि सगळा काठ त्याच एका धाग्याचा झाला होता. मोर स्वतःची चादर स्वतःच विणत होता!

शेठांनी काठीचं टोक त्या धाग्यावरून फिरवलं. मग म्हणाले, "नऊ वर्षं मी ही चादर विकली. आणि नाग म्हणून विकली." आणि खो खो हसायला लागले. अत्तम्माही हसली, शांभवीताईही. आणि मी? मी तर अशी हसले की खालच्या झाकलेल्या मागांवरची कबुतरं उडाली.

सोमवारी सकाळी मोर गेला. बुधवारी हॉटेलवाल्यांचा होकार आला. त्या आठवड्यात आमच्या घरातलं सूप आईनं भिंतीला टांगलं, आणि अत्तम्मा डबा घेऊन सकाळी साडेनऊला घरातून निघायला लागली. तिसऱ्या पडद्याला आता शांभवीताईनं झालरीचं कापड शिवलंय. बंब अजून त्याच्या टोकाला आहे, मी बदलू देत नाही. अत्तम्मानं विचारलं होतं, "तुझी भातुकली अपुरी राहिली की गं?" मी म्हटलं, वऱ्हाड गार पाण्यानं आंघोळ करेल.

पण मला खरं सांगायचंय ते दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसाचं.

वर्गात नेहमीसारखा गोंगाट होता. बिराजदार सरांनी हजेरीपट उघडला. वीस. एकवीस. बावीस.

"तेवीस."

"हजर," मी म्हणाले.

सरांनी मान वर केली नाही. पेन गैरहजेरीच्या खुणेकडं वळलं.

मग मी परत ओरडले.